छडीचा गौरव

उचगावच्या आसपासच्या पाच हायस्कुलांचं मिळून जे शिक्षण मंडळ आहे, त्याला पंचाहत्तर वर्षं झाली आणि मंडळाच्या लोकांना एकदम आपले गुरुजन आठवले. नाव काढलेले माजी विद्यार्थी आणि त्यांना शिकवलेले शिक्षक, दोघांचाही एकाच स्टेजवर सत्कार करायचा ठरला. इथपर्यंत सगळं ठीक होतं. कोल्हापूरच्या माणसाला सत्कार काही नवा नाही. फेटा, शाल, नारळ, फोटो आणि शेवटी जेवण, एवढं झालं की सत्कार करणारा आणि करून घेणारा दोघंही सुखानं घरी जातात. पण या सोहळ्याच्या समितीचा अध्यक्ष विजयसिंह इंगवले होता, आणि विजयसिंहला साधं काही सुचतच नाही.

विजयसिंह मंडळाच्याच शाळेत शिकलेला. एकदा सरपंच होऊन गेलेला, आता प्लॉट पाडून विकायच्या धंद्यात. शाळेत त्यानं अभ्यास सोडून बाकी सगळं केलं होतं, त्यामुळं मारही जवळजवळ सगळ्यांचा खाल्ला होता. पन्नाशी जवळ आल्यावर त्याला त्या माराविषयी प्रेम दाटून आलं. यात त्याचा एकट्याचा काही दोष नाही. आपल्याकडं चार जुने वर्गमित्र जमले की 'सरांनी हाणलं म्हणून घडलो' असं कुणीतरी म्हणतंच, आणि बाकीचे डोळे मिटून माना हलवतात. नेमकं काय घडलं ते कुणी विचारत नाही.

तर विजयसिंहनं काढलेली टूम अशी. प्रत्येक शिक्षकाला त्याचा एक कर्तबगार विद्यार्थी हाताला धरून स्टेजवर आणणार. तो माईकवरून सांगणार, की सरांनी मला कधी, कशासाठी आणि कशानं मारलं. मग सरांना सन्मानचिन्ह म्हणून सोनेरी रंगाची छडी द्यायची. विद्यार्थ्यानं तळवा पुढं करायचा, सरांनी त्या छडीनं एक प्रसाद द्यायचा, फोटोवाल्यानं फोटो काढायचा आणि जोडी खाली उतरायची. शाळेत मारायला आता कायद्यानं बंदी आहे, अशी शंका समितीत एकानं काढली. त्यावर बराच खल झाला, आणि शाळेला सुट्टी असते म्हणून कार्यक्रम रविवारी ठेवायचा ठरला.

छड्या बुरूड गल्लीत सांगितल्या. चांगल्या वेताच्या, मुठीला लाल गोंडा लावलेल्या. त्या आल्या तेव्हा समितीतली मोठमोठी माणसं त्या हातात घेऊन हवेत फिरवत बसली आणि बैठकीचं कामकाज तसंच राहिलं.

मग विजयसिंह दोघा-तिघांना घेऊन एकेका शिक्षकाच्या घरी जाऊ लागला. मारलेल्यांची नावं विचारायची, त्यातला कुणी पुढं मोठा झालाय का ते बघायचं, आणि जोडी लावायची. काम सोपं होतं. गणित आणि पीटी शिकवणाऱ्या गुंडू मगदूम सरांच्या घरी तर पाच मिनिटंही लागली नाहीत. त्यांना एकाही विद्यार्थ्याचं नाव आठवत नव्हतं. "कुणालाबी उभा करा," ते म्हणाले, "मारलं असणारच." त्यांना स्टेजवर न्यायला इतके लोक तयार झाले, की शेवटी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या.

अशा उत्साहात ही मंडळी नागाप्पा पट्टणशेट्टी सरांच्या घरी आली.

नागाप्पा सरांनी मंडळाच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. उंच, वाकलेले, कपाळाला विभूतीचं बोट, आवाज इतका हळू की तिसऱ्या बाकापलीकडच्या मुलांनी मान्सूनचे वारे नुसते ओठांच्या हालचालीवरून शिकले. त्यांनी आयुष्यात कुणाला मारलं नाही. यामागं काही मोठं तत्त्वज्ञान होतं अशातला भाग नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांच्या हातात एक छडी दिली गेली, ती त्यांनी फळ्यामागं उभी करून ठेवली, आणि मग ती काढायचं त्यांच्या जिवावरच आलं. लहान पोराचा उघडा तळवा समोर आला की त्यांना त्यावर मारवतच नसे. एवढंच कारण.

याचे व्हायचे ते परिणाम झाले. भूगोलाच्या तासाला वर्गाचा मासळी बाजार व्हायचा. मुख्याध्यापक दारात यायचे, पहिल्या बाकावरच्या दोघांना, जे बिचारे ऐकत असायचे, एकेक ठेवून द्यायचे आणि सरांकडं बघून मान हलवत निघून जायचे. सहशिक्षक पाठीमागं हसायचे. सर फळ्याकडं वळले की मुलंही पाठीमागं हसायची. सरांना ते ऐकू यायचं. तरी त्यांनी फळ्यामागची छडी काढली नाही, आणि त्यांच्या नावावर दुसरं काही जमा नसल्यामुळं मनातल्या मनात त्यांना याच एका गोष्टीचा अभिमान होता.

"सर, पटकन सांगा," विजयसिंह सोफ्यावर बसता बसता म्हणाला, "तुमी मारलेलं एकादं चांगलं पोरगं. इंजिनेर, डागतर, कुणीबी चालंल."

"मी कुणाला मारलं न्हाय रे."

विजयसिंह हसला. मग सर हसत नाहीत हे बघून थांबला. "न्हाई म्हंजे, जास्त न्हाय मारलं. खरं हाय. पर एकादा तरी असंल की."

"एकबी न्हाय."

"कान?"

"न्हाय."

"डस्टर फेकून?"

"डस्टर कशाला फेकू? त्यानं फळा पुसायचा असतो."

"अंगठं धरून उभं? कोंबडा?" विजयसिंहचा आवाज मऊ होत चालला होता. "निदान उन्हात तरी?"

सरांनी नकारार्थी मान हलवली. समितीतल्या एकानं घसा खाकरला, दुसरा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिला. घरात काही वाईट घडलेलं असावं आणि आपण ते उगाच विचारलं, तसं सगळ्यांना झालं. रत्नव्वा बाईंनी आणलेला चहा त्यांनी खाली माना घालून प्यायला.

निघताना विजयसिंह दारात थांबला. "सर, तुमी आठवा. सावकाश आठवा. माणूस इसरतो. तुमचं नाव मी एवड्यात काडत न्हाय. पर छडीशिवाय तुमाला स्टेजवर बसवलं, तर लोक इचारत्यात ओ. बाकीच्या गुरुजनांचा अपमान हुतो."

तो गेल्यावर रत्नव्वा बाई रिकामे कप गोळा करत आपल्या कानडी वळणानं म्हणाल्या, "एकाला तरी मारून ठेवायचं हुतं, री."

आता इथं एक गोष्ट सरळ सांगायला हवी. नागाप्पा सरांना हा सत्कार हवा होता. मनापासून हवा होता. ते निवृत्त झाले ते नेमके लॉकडाऊनमध्ये. निरोप समारंभ मोबाईलवर झाला. सरांनी आठ दिवस तयारी करून भाषण केलं, अगदी भरून येऊन केलं, आणि संपल्यावर त्यांना कळलं की त्यांच्या बाजूचा आवाज बंदच होता. सगळ्यांनी टाळ्या मात्र वाजवल्या होत्या. त्यानंतर त्यांना कुणी कुठं बोलावलं नव्हतं. या सोहळ्याचं कानावर आल्यापासून त्यांनी कपाटातलं जॅकेट दोनदा काढून बघितलं होतं. रत्नव्वा बाईंनी तर माहेरी फोनही करून टाकला होता. "माझा तम्मा येणार हाय गडहिंग्लजहून," त्या सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या. तम्मा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, साखर कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होता आणि मास्तर मेहुण्याला आजवर नमस्कार करायचाही विसरत आला होता.

पुढचे काही दिवस सर खरोखरच आठवत बसले. आंघोळीला गेले की आठवायचे, जेवताना घास हातात धरून आठवायचे. एखादी चापट? रागाच्या भरात? काही हाताला लागत नव्हतं. एकदा एका पोराच्या डोक्यात त्यांच्या हातून पृथ्वीचा गोल पडला होता, पण तो कपाटावरून निसटला होता आणि पोरगं पुढं काही झालंही नव्हतं.

अशात विजयसिंहचा फोन आला. आवाजावरूनच कळत होतं की खूश आहे.

"काय सर, लपवून ठेवता व्हय? घावला की तुमचा गडी! अझीम शिकलगार. त्यानं सोताहून फोन केला मला. पट्टणशेट्टी सरांनी मला फोडून काडलाय म्हणला, त्यास्नी मीच आणणार स्टेजवर."

अझीम शिकलगारची शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्री होती. त्याच्या कारखान्यातले पार्ट जर्मनीला जायचे. मंडळाच्या सत्कारमूर्तींत त्याचं नाव सगळ्यात वर होतं. जेवणही त्याच्याकडूनच होतं.

सर फोन ठेवून पलंगावर बसले. अझीम त्यांना चांगला आठवत होता. कृश, गप्प, डाव्या खांद्यावर दप्तर. पण मारलेलं काही आठवेना. त्यांनी रत्नव्वा बाईंना विचारलं, "मी कधी एखाद्या पोराला मारलं म्हणून घरी येऊन बोललो हुतो काय गं?"

"तुमी कधी काय बोललाय घरी येऊन?" बाई म्हणाल्या. मग नवऱ्याचा चेहरा बघून जवळ बसल्या. "त्यो सोता म्हणतोय न्हवं मारलं म्हणून? मार खाल्लेला माणूस इसरतोय व्हय? मारणारा इसरतोय."

ही गोष्ट सरांना पटली, आणि पटली म्हणून त्यांना वाईट वाटलं. म्हणजे आपण मारलं असेल. एक तरी असेल. जे एकच आपलं म्हणून जपलं तेही पक्कं नव्हतं, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि त्याच्या पाठोपाठ, थोडं शरमतच, दुसराही आला, की चला, सत्कार तर होतोय. अझीमला गाठून खरं काय ते आधी विचारायचं, असं त्यांनी ठरवलं. दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा कारखान्यातल्या बाईंनी घेतला आणि साहेब भट्टीवर आहेत म्हणून सांगितलं.

रविवारी सकाळी मंगल कार्यालयात फेटे बांधायला सुरुवात झाली. शिक्षकांना भगवे, विद्यार्थ्यांना गुलाबी. नागाप्पा सरांच्या डोक्याला फेटा बसता बसत नव्हता, शेवटी बांधणाऱ्यानं कानावरून ओढून बसवला, त्यामुळं सरांना एका बाजूचं कमी ऐकू येऊ लागलं. रत्नव्वा बाई आणि त्यांचा तम्मा दुसऱ्या रांगेत बसले होते. तम्मानं आल्या आल्या मेहुण्याला वाकून नमस्कार केला. सर त्यावर इतके गडबडले, की त्यांनीही उलट वाकून नमस्कार केला.

स्टेजच्या मागं गुरुजन ओळीनं बसले होते. गुंडू मगदूम सरांनी एक छडी हातात घेऊन वाकवून बघितली, कानाशी नेऊन हवेत फिरवली आणि "वेत बरा हाय" असा निर्वाळा दिला. मग त्यांची नजर नागाप्पा सरांकडं गेली. इतक्या वर्षांत त्यांनी या माणसाकडं कधी नीट बघितलं नव्हतं.

"शिकलगारला तुमी फोडला म्हणं?"

"असं म्हणत्यात."

"कमाल हाय राव. इतकी वर्सं एका स्टाफरूममदी बसलो, कधी बोलला न्हाईसा." गुंडू सर खुर्ची ओढून जवळ आले. त्यांच्या आवाजात आपुलकी होती. पहिल्यांदाच होती. "सवय गेली असंल तुमची, म्हणून सांगतो. हात खांद्यापासनं उचलायचा, मनगट सैल सोडायचं आणि टेकायच्या आदी जरा आवरून घ्यायचं. आवाज झकास येतो, लागत कायबी न्हाय. नवीन मास्तर आवरत न्हाईत, तितंच चुकतंय."

सरांनी मान हलवली. त्यातलं निम्मं फेट्याखालच्या कानाकडून आलं होतं, ते नीट पोचलंच नव्हतं.

अझीम आला तो उशिराच आला, आणि आल्या आल्या विजयसिंहनं त्याला फेटा बांधायला बसवलं. सर उठून त्याच्याकडं निघाले, तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले, म्हणून सगळ्यांना परत बसवलं. सूत्रसंचालन करणाऱ्या प्रियदर्शनी मॅडम मंडळाच्याच शाळेत सध्या शिकवतात. त्यांनी 'छडीचे शिल्पकार' असे शब्द वापरून सुरुवात केली, आणि सभागृहात बसलेल्या आजच्या शिक्षकांनी एक खोल उसासा सोडला.

एकेक जोडी स्टेजवर जाऊ लागली. एका तहसीलदारानं सांगितलं, की त्याला सरांनी गुडघ्यावर पट्टीनं मारलं होतं आणि आजही जिना चढताना सरांची आठवण येते. एका डॉक्टरीणबाईंनी कान पिरगळल्याचं सांगितलं आणि कान दाखवला. गुंडू सरांच्या वेळेला तर लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्यांनी प्रसाद असा दिला, की आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि ज्याला दिला तो हसत होता. खरंच लागलं नव्हतं. कला होती ती.

मग नागाप्पा सरांचं नाव पुकारलं. अझीमनं त्यांच्या दंडाला धरलं. सर पायऱ्या चढता चढता म्हणाले, "अझीम, मी तुला खरंच..."

"चला सर, लोक बघायला लागल्यात," अझीम म्हणाला आणि माईककडं गेला.

त्यानं गोष्ट चांगली सांगितली. सातवीत असताना म्हणे त्यानं नकाशात अरबी समुद्र पूर्वेला काढला होता. सरांनी वही बघितली, काही न बोलता फळ्यामागं गेले, छडी काढली आणि छडी मोडेपर्यंत मारलं. "मोडलेला तुकडा हातात घेऊन सर म्हणाले, आता समुद्र कुठं हाय? मी म्हणलो, पश्चिमेला, सर. त्या दिवसापासनं माझी दिशा कधी चुकली न्हाय." टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रमुख पाहुण्यांनी डोळे पुसले.

आणि नागाप्पा सरांना तिथंच कळलं की हे खोटं आहे. सातवीत असताना अझीमचे नकाशे वर्गात सगळ्यात सुंदर असायचे. किनारपट्टीला तो निळ्या पेन्सिलीची इतकी बारीक छटा द्यायचा, की सरांनी त्याची वही दोन वर्षं शेजारच्या तुकड्यांत फिरवली होती. अरबी समुद्र पूर्वेला काढणारं ते पोरगं नव्हतंच. म्हणजे आपण मारलं नव्हतं. एकालाही मारलं नव्हतं. सरांच्या अंगावरून एक मोठं ओझं उतरलं.

माईक समोरच होता. एक पाऊल पुढं जाऊन 'हे खरं नाही' एवढं म्हणायचं होतं. सरांनी समोर बघितलं. रत्नव्वा बाई पदर सावरून ताठ बसल्या होत्या. तम्मा दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होता. गुंडू सर विंगेतून अंगठा दाखवत होते. पाचही शाळांची माणसं त्यांच्याकडं बघत होती, आणि त्या बघण्यात जे होतं ते एकतीस वर्षांत सरांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. सरांनी माईककडं उचललेलं पाऊल मागं घेतलं.

त्यांच्या हातात छडी आली. अझीमनं डावा हात पाठीमागं घेतला, उजवा तळवा उघडून पुढं धरला आणि अगदी शाळेतल्यासारखी मान खाली घातली. नुसती टेकवायची, असं सर ठरवूनच आले होते. त्याप्रमाणं त्यांनी ती टेकवली.

"ओ सर," मागून कुणीतरी ओरडलं, "देवाला फूल व्हाताय व्हय?"

सभागृह हसलं. विजयसिंह खालून हातवारे करत म्हणाला, "सर, एकदा नीट होऊ दे, फोटो आला न्हाय." मग चारदोन आवाज आले, "जोरात! जोरात!" आणि त्या हसण्यानं जोर धरला. ते हसू सरांच्या ओळखीचं होतं. फळ्याकडं वळलं की पाठीमागं यायचं ते हेच. तीच पोरं मोठी होऊन, फेटे बांधून, आता समोर बसून हसत होती.

सरांनी हात खांद्यापासून उचलला. मनगटाचं काहीतरी करायचं होतं, ते ऐनवेळी आठवलं नाही. छडी खाली आली ती सगळी एकतीस वर्षं घेऊन आली.

तो आवाज गुंडू सरांच्या छडीसारखा नव्हता. तो लहान, कोरडा आवाज होता. विंगेत उभ्या असलेल्या गुंडू सरांनी तो ऐकला आणि वर केलेला अंगठा खाली घेतला. बाकी कुणाला काही कळलं नाही. अझीमच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, ते बघून सभागृहच्या सभागृह उठून उभं राहिलं आणि टाळ्या थांबेनात. आणि खरं सांगायचं तर छडी पडली त्या क्षणी नागाप्पा सरांना बरं वाटलं. थोडंथोडकं नव्हे, चांगलंच बरं वाटलं. हात हलका झाला, छाती मोकळी झाली, आणखी एक मारावी असंसुद्धा वाटलं. मग त्यांनी अझीमच्या तळव्याकडं बघितलं.

स्टेजच्या मागं, जिथं आइस्क्रीमची पेटी ठेवली होती, तिथं सरांनी अझीमला एका पाटावर बसवलं. वाढप्याकडून बर्फ मागून घेतला आणि आपल्या सत्काराच्या नव्या शालीत गुंडाळून त्याच्या हातावर धरला. तळव्यावर आडवा लाल वळ उठला होता आणि करंगळीकडची बाजू सुजून वर आली होती.

"असू दे की सर," अझीम म्हणाला. "भट्टीवर काम करतोय मी. ह्यापेक्षा लई लागतंय."

"तू का असं सांगितलंस? मी तुला कधी..." सरांना वाक्य पुरं करता आलं नाही. ते वाक्य आता त्यांचं राहिलं नव्हतं.

अझीमनं दुसऱ्या हातानं शालीतला बर्फ सावरला. "विजयसिंह सांगत सुटलाता गावभर, की पट्टणशेट्टी सरांचं नाव काडायला लागतंय, त्यांनी कुणाला मारलंच न्हाय. मला लई राग आला सर. अवो, मला सगळ्यांनी मारलंय. मगदूम सरांनी तर बापाच्या सुऱ्यांना धार लावायच्या धंद्यावरनं बोलून मारलंय. शाळेत मी दिवसभर हात काखेत घालून बसायचो, कवा कुणाचा बसंल सांगता येत न्हवतं. तुमच्या तासाला तेवडा बाकावर ठेवायचो. म्हणून तर नकाशे हुईत. दुसऱ्या कुटल्या तासाला माजा हात बाहेरच आला न्हाय." तो हसला. "मग म्हणलं, सरांचा सत्कार एका मारावाचून अडलाय न्हवं, तर खाल्ला म्हणून सांगून टाकू. आपल्या बाचं काय जातंय."

सर ऐकत होते. शालीतून पाणी गळून त्यांच्या धोतरावर पडत होतं. सगळ्या शाळेतला तो एकच हात होता, जो त्यांच्या तासाला बाहेर आला होता. तोच त्यांच्या हातात होता, आणि तो त्यांनीच फोडला होता.

त्यांचा चेहरा बघून अझीमला वाईट वाटलं. सरांना बरं वाटावं असं काहीतरी बोललं पाहिजे म्हणून तो पुढं सरकला आणि अगदी मनापासून म्हणाला, "खरं सांगू सर? स्टेजवर बोलताना मला सारखं टोचत हुतं. समोर माजी सोताची पोरं बसल्यात, आणि मी माईकवरनं खोटं बोलतोय. झोप आली नसती मला आज." त्यानं सुजलेला तळवा वर करून सरांना दाखवला. "आता काय राहिलं न्हाय. आता खरंच झालं की."

नागाप्पा सरांना रडू कोसळलं. फेटा कानावरून सुटून खांद्यावर आला तरी त्यांना ते आवरेना. जेवायला बोलवायला आलेला विजयसिंह पडदा बाजूला सारून तिथंच थबकला, त्यानं मागं वळून फोटोवाल्याला हाक मारली, आणि हळू आवाजात सांगितलं, की ह्यो फोटो आदी काड.